डाव्या हाताची सुरी

अगं, ये अशी जवळ. खुर्ची ओढ आणि दोन मिनिटं त्या लॅपटॉपचं झाकण मिट. तू मँचेस्टरला आणि मी वॉटफर्डला, तरी जवळ ये म्हणतेय, कारण हे मी लिहीत नाहीये, बोलतेय असंच समज. काल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "मावशी, सुरी बोथट झाली होती, फेकून दिली, नवी ऑर्डर केली." फेकून दिली! अगं, बोथट झालेली वस्तू फेकतात का? उद्या मावशी बोथट झाली तर? मी तेव्हा गप्प बसले, कारण मी बोलायला लागले की तुला नेमकी मीटिंग येते. आता मीटिंग नाही. आता ऐक.

तुझे काका नोकरीसाठी इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग मी, तेव्हा आम्ही एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. खाली ते एकटे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. मी मनात त्यांना 'धारवाले' म्हणायचे, तेच इथे म्हणते. उंच, वाकलेले, अंगात बारा महिने एकच हिरवा स्वेटर, आणि त्याला पुढून ठिणग्यांनी पडलेली इतकी भोकं, की मला वाटलं गरिबी असेल. पहिल्या थंडीत मी त्यांना काकांचा एक जुना स्वेटर नेऊन दिला. त्यांनी घेतला, थँक यू म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात तोही भोकं पाडून वापरात!

ते मूळचे शेफिल्डचे. बाप, आजोबा, सगळे तिथल्या कारखान्यांतून सुऱ्या-कात्र्या घासणारे. कारखाने बंद पडत गेले तसे हे तरुणपणी निघाले ते थेट जपानला पोचले आणि तिथल्या एका लोहाराच्या हाताखाली सात वर्षं राहिले. पहिली दोन वर्षं म्हणे फक्त कोळसा फोडला. एकसारखे तुकडे, सुपारीएवढे. परत आल्यावर हे तसल्याच सुऱ्या घडवायला लागले. आत कडक पोलाद, बाहेरून मऊ लोखंड, आणि भट्टी गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, कारण शेजाऱ्यांनी घराजवळ ठोकाठोकी करू दिली नसती. धार लावायचं काम मात्र घरामागच्या शेडमध्ये. तिथे जमिनीवर बसून, पुढ्यात पाण्याचं घमेलं आणि दगड.

शेफिल्डची माणसं बाईमाणसाला सरसकट 'लव्ह' म्हणतात, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक! पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "किल्ली जिन्याखाली आहे, लव्ह." तुझ्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन दिवस किल्ली काकाच आणत होते. तिसऱ्या दिवशी धारवाले पोस्टमनला पण लव्ह म्हणाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्यांची एक सवय सांगते. ते माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, आधी हाताकडे. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. "तो करवतीसारखं कापणारा आला होता का?" असं विचारायचे. सुरी घ्यायला लंडनहून मोठमोठे शेफ यायचे, तर त्यांना आधी शेडमध्ये उभं करून एक कांदा चिरायला लावायचे. चिरणं आवडलं नाही तर, "कॉर्नरवरून बस मिळेल." झालं, संपला विषय. चिरलेलं पात्यानंच पाटावरून गोळा केलेलं त्यांना खपायचं नाही. "तू तुझं नाक टेबलावरून घासत नेतोस का? मग तिला का घासतोस?" सुरी ही त्यांच्या लेखी बाई होती आणि तिच्याशी कुणी उद्धटपणे वागलेलं चालत नसे.

आणि एक ड्रॉवर होता. त्याला ते 'तुरुंग' म्हणायचे. विकलेली सुरी धार लावायला परत आली आणि तिचे हाल झालेले दिसले, की ती जप्त! घेतलेले पैसे परत आणि सुरी ड्रॉवरमध्ये, दांड्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर गुन्हा. 'डिशवॉशर.' 'गोठलेली कोंबडी.' 'पत्र्याचा डबा उघडला.' एकीवर नुसतंच 'जावई' लिहिलेलं होतं, ते काय प्रकरण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एक टाय लावलेला शेफ डोळ्यांदेखत अर्धा तास गयावया करत होता. धारवाले म्हणाले, "ती तुझी होती. आता नाहीये." आणि चहा करायला निघून गेले. मी कपडे वाळत घालत होते, मीच ओशाळले.

आमची खरी ओळख झाली ती विळीमुळे. मी पुण्याहून विळी आणली होती, बॅगेत चार साड्यांत गुंडाळून. एकदा बॉयलर बघायला ते वर आले, तर मी स्वयंपाकघरात खाली बसून कोबी चिरत होते. ते दारातच थांबले. मग काय केलं असेल? एवढा सहा फुटी माणूस फतकल मारून माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"पातं हलत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तू भाजी पात्याकडे नेतेस?"

"हो. नाहीतर कशी चिरायची?"

ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते ना, ती दाखवून म्हणाले, "आणि हा तारा कशाला?" मी नारळ खवून दाखवला. बॉयलर राहिला बाजूला. "जगातले सगळे लोक सुरी हातात धरतात," ते म्हणाले, "आणि तुम्ही लोकांनी तिला पाटावर बसवून तिच्यापुढे भाजी आणली." विळी शेडमध्ये घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी अशी धार लावून आणली की मी भोपळा टेकवला आणि माझं बोट कधी कापलं मला कळलंच नाही. ते म्हणाले, "इतके दिवस तू तिच्याशी ओरडून बोलत होतीस. आता हळू बोल."

मी त्यांना आपल्याकडच्या सायकलवाल्या धारवाल्याचं सांगितलं. चाक फिरवतो, ठिणग्या उडतात, आम्ही पोरं बघायला जमायचो. त्यांनी कपाळाला हात लावला. "कोरड्या चाकावर? तापून मरतं ते पोलाद!" मी म्हटलं, हो, आमच्यात त्याला पाणी उतरलं म्हणतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवतात ना, त्याला आमच्यात पात्याला पाणी पाजलं म्हणतात. हे त्यांना इतकं आवडलं, की मला एकदा मुद्दाम त्या गोठ्यात पाणी पाजताना बघायला नेलं. भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला, कारण तापलेल्या पात्याचा रंग अंधारातच नीट कळतो. "माझा गुरू म्हणायचा, पिकलेल्या पर्सिमनसारखा रंग झाला की बुडव. शेफिल्डच्या पोरानं पर्सिमन कुठे बघितलंय? मी मनात म्हणायचो, टोमॅटो सूप." मी म्हटलं, शेंदूर. त्यांनी पातं पाण्यात घातलं, आणि जो चर्रर्र आवाज झाला ना, आपण फोडणीत ओली भाजी टाकतो त्याच्या दसपट. पातं वर काढून त्यांनी कानाशी नेलं. तडकलं असेल तर आवाज येतो. नव्हतं तडकलं. मग माझ्याकडे बघून मोडक्या मराठीत म्हणाले, "पानी प्याली."

आता खरी गोष्ट. पहिल्या वर्षी मी घरात नुसती कोमेजून गेले होते गं. काका सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. इंग्रजी माझं दुकानापुरतं. मग एका मुलीनं, पुण्याचीच, इथे सॉफ्टवेअरमध्ये होती, तिनं विचारलं, काकू, डबा द्याल का? एकीचे चार झाले, चाराचे आठ. पुण्या-नागपूरची मुलंमुली स्टेशनवरून घरी जाताना जिन्यात डबा घ्यायची आणि दोन मिनिटं उभी राहून बोलायची. तुला सांगते, त्या आठ डब्यांनी मला माणसात ठेवलं.

आणि दुसऱ्या हिवाळ्यात माझे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. म्हणजे विळी बंद. ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरायला गेले तर मला ते येईच ना! तू हसशील. पन्नाशीला आलेली बाई, आणि कांदा चिरता येत नाही. तुकडे वेडेवाकडे, सुरी घसरायची, चार बोटांना चार पट्ट्या. आठ जणांची भाजी चिरायला सकाळचे तीन तास. एक दिवस मी सगळ्यांना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून डबा बंद.

दोन-तीन दिवसांनी धारवाले वर आले. "जिन्यात वास येत नाही," म्हणाले. मी पट्ट्या लावलेले हात दाखवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला गाजर चिरायला लावलं. मी उजव्या हातात सुरी धरून चिरायला लागले. त्यांनी टोपलीतला एक बटाटा उचलला आणि एकदम माझ्या अंगावर फेकला!

मी झेलला. डाव्या हातानं.

"असं!" ते म्हणाले. "तू डावखुरी आहेस. मग उजव्यानं काय नाटक करतेस?"

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हे काकांना पण माहीत नव्हतं. लहानपणी माझा डावा हात पुढे आला, की आईचं उलथनं त्याच्यावर पडायचं. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही, डाव्या हातानं वाढायचं नाही. मी उजव्यानं लिहायला शिकले, वाढायला शिकले, विळीवर दोन्ही हात लागतात म्हणून तिथे निभावून गेलं. मी डावखुरी आहे हे मी स्वतःच विसरून गेले होते. त्यांना म्हटलं, "आमच्यात चालत नाही."

"कुणाला चालत नाही?"

"देवाला."

"मग त्यानं तुला डावखुरी बनवली कशाला?"



त्यांनी दोऱ्यानं माझ्या डाव्या हाताची मापं घेतली. मी कणीक मळताना शेजारी उभे राहून बघितलं. तीन महिने लागले. ती सुरी भाजीची, रुंद आणि सरळ पात्याची, एकाच बाजूनं घासलेली. जपानी पद्धतीत अशा सुऱ्या उजव्या हाताच्याच असतात, डाव्या हातासाठी सगळा विचार उलटा करून घडवावी लागते. "ही फक्त तुझ्या हातात सरळ जाईल," म्हणाले. काकांनी संध्याकाळी उजव्या हातानं काकडी चिरून बघितली, सगळ्या चकत्या तिरप्या. "सुरीत फॉल्ट आहे," म्हणाले. मी म्हटलं, "सुरीत नाही."

पहिला कांदा मी त्यांच्यासमोरच चिरला. डावा हात आधी भीत भीत पुढे गेला. पण सुरी अशी उतरली गं, जशी लोण्यात. कांदा संपला आणि माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "कांदा झोंबतोय."

"चांगल्या धारेनं कांदा झोंबत नाही," ते म्हणाले आणि खाली निघून गेले. जाताना जिन्यावरून ओरडले, "ओली ठेवलीस तर परत घेईन हं! हे पोलाद गंजतं!"

डबे परत सुरू झाले. आठाचे अकरा झाले.

आणि मग आली खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस, आपण घरातल्या अवजारांची पूजा करतो ना, तो. मी पाटावर सगळं मांडलं, कात्री, विळी, काकांचा लॅपटॉप, आणि मधोमध ही सुरी. ओलं गंध, हळद, कुंकू, वर शेवंतीचं ताजं, पाण्यानं निथळणारं फूल. पूजा झालेलं अवजार दुसऱ्या दिवशी हलवेपर्यंत वापरायचं नाही, हात लावायचा नाही. मी अगदी मनापासून नमस्कार केला. तिच्याइतकं उपकाराचं माझ्याकडे दुसरं काय होतं?

सकाळी फूल उचललं, तर खाली काळा-तांबडा डाग, रुपयाएवढा. काका म्हणाले, "अगं, घासून टाक, त्यांना काय कळतंय!" आणि मी मूर्ख, तारेच्या घासणीनं घासलं. डाग राहिला तो राहिला, वर ओरखडे. म्हणजे एकाचे दोन गुन्हे.

लपवता आलं असतं. पण मग धार लावायला कधी दिली असती? आणि त्यांच्यासमोरून रोज जिना उतरायचा. मी सुरी रुमालात गुंडाळली आणि शेडमध्ये गेले. जाताना डोक्यात एकच. ही गेली की परत उजवा हात, परत पट्ट्या, परत दिवसभर एकटीनं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसणं.

त्यांनी रुमाल सोडला. बोटानं डाग चाचपला. ओरखडे बघितले. मग 'तुरुंग' उघडला, कोरी चिठ्ठी काढली, पेन्सिल घेतली.

"काय लिहू?"

"पूजा," मी म्हटलं.

"ते काय असतं?"

माझ्या तोडक्या इंग्रजीत मी सांगत गेले. वर्षातून एक दिवस आम्ही अवजाराला काम सांगत नाही. त्याला फूल वाहतो. तू वर्षभर आमच्यासाठी राबलंस म्हणून नमस्कार करतो. त्या दिवशी शेतकरी नांगर धरत नाही, शिंपी मशीन चालवत नाही. मी तिला काम सांगितलं नाही हो, मी तिला नमस्कार केला. पाणी माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझा गुरू नोव्हेंबरात एक दिवस भट्टी विझवायचा," ते म्हणाले. "भात्यावर संत्री ठेवायचा. कुणी हातोडा उचलायचा नाही. सात वर्षं मी केलं. इथे आल्यावर एकदाही नाही. एकट्यानं संत्री मांडून बसायची मला लाज वाटली." मग माझ्याकडे, हाताकडे नाही, तोंडाकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं सुऱ्या विकतोय. कुणी तिला सुट्टी दिल्याचं ऐकलं नव्हतं."

चिठ्ठी त्यांनी फाडली. पण मला वाटलं आता ते डाग काढून देतील, तर नाही. "मी दुरुस्त करणार नाही. तू करशील." मला खाली बसता येत नाही म्हणून, आयुष्यभर जमिनीवर बसून काम केलेल्या त्या माणसानं दगड टेबलावर मांडला आणि स्वतः माझ्यासाठी उभा राहिला. पंधरा दिवस, डबे गेल्यावर रोज एक तास. पाणी शिंपड, कोन धर, दाबू नकोस, ऐक. "ऐक" हे तर शंभरदा. दगडावर पातं नीट फिरलं की एकच एक बारीक आवाज येतो, हात चुकला की तो बदलतो. डाग जवळजवळ गेला, तिळाएवढा राहिला. तो राहू दे म्हणाले. त्या पंधरा दिवसांनंतर आजपर्यंत माझ्या घरात धारवाला लागलेला नाही, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायका सुऱ्या घेऊन माझ्याकडेच येतात.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. आधी शेफिल्डला बहिणीकडे राहायला गेले, नाताळला कार्ड यायचं, मग एका वर्षी बहिणीचं आलं. मी त्या दिवशी रडले नाही, शेवटची चार गाजरं चिरून घेतली आणि मग बसले.

पण मला आठवते ती, ते इथे असतानाची, त्या डागाच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी. सकाळी दारावर टकटक. बघते तर धारवाले! दाढी केलेली, स्वेटर नाही, चक्क शर्ट. एका हातात टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा घडाईचा हातोडा, दुसऱ्या हातात छोटी बाटली.

"मी माझा आणलाय," म्हणाले. "आणि पाणी अजिबात नाही. हे कमेलियाचं तेल, जपानमध्ये पात्याला हेच लावतात. कुंकू यात कालव."

मी तेलात कुंकू कालवलं, आपण मारुतीच्या शेंदरासाठी कालवतो तसं. सुरीशेजारी हातोडा ठेवला. आधी उजवा हात पुढे केला. मग थांबले. आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातानं कुंकू लावलं. सुरीला लावलं, हातोड्याला लावलं. आकाश काही कोसळलं नाही. काका नुसते 'अगं' म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं, की पाहुणा जेवायला बसणार आणि घरातलं एकही पातं चालत नाही! आदल्या वर्षी उरलंसुरलं खाल्लं होतं. मग काय, सगळं हातानं. साधं वरण-भात. उकडलेले बटाटे कुस्करून त्यांना फोडणी. मेथीची पानं खुडून भाजी. कांदा बुक्कीनं फोडला, तो त्यांनीच फोडला, आणि अर्धा टेबलाखाली गेला. वर लिंबू पिळायचं तर ते पण चिरायचं कसं, म्हणून दातांनी टोक तोडलं, कुणाला सांगू नकोस.

ते हातानं जेवले. बटाटे तीनदा घेतले. शेवटी ताट पुसून म्हणाले, "आयुष्यभर सुऱ्या केल्या. आणि सगळ्यात चांगलं जेवलो ते हे, ज्याला एक पातं लागलं नाही. गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस, लव्ह."

दरवर्षी मी त्या दिवशी तेच जेवण करते. काका आता थकलेत, दोघांना किती लागतं? बटाटे उरतात. यंदा नवमी कधी ते कॅलेंडरमध्ये बघ आणि आत्ताच रजा टाक. ट्रेन पकड, युस्टनला बदल, वॉटफर्डला काका स्टेशनवर येतील. काही आणू नकोस. नुसती ये, आणि लवकर ये गं.